बेचाळिसावं नाव

आक्का,

तुम्हाला जाऊन आज आठ दिवस झाले. उरकलेली कामं आधी सांगते, नाहीतर तुम्ही मध्येच विचाराल. कोरफडीच्या दोन्ही कुंड्या चांगुणाबाय घेऊन गेली. चष्मे दवाखान्यात दिले. साड्या चर्चच्या मंडळीतल्या बायांनी वाटून घेतल्या. निळ्या काठाची कोणी घ्यायची यावरून जरा कुरबुर झाली, ती मी मिटवली. रक्तदाबाच्या उरलेल्या गोळ्या औषधवाल्याने परत घेतल्या नाहीत. मोठ्या अक्षरांचं तुमचं बायबल साळवे मास्तरांकडे आहे. मला हवं होतं, पण त्यांनी ते दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं. घराची चावी माझ्याकडे आहे. तुमचा भाचा महिनाअखेरीस नाशिकहून येईल, तोवर झाडून-पुसून ठेवीन.

आता न उरकलेलं.

बुधवारी सकाळी तुम्ही गेलात आणि दहाच्या आत मी कळवायच्या माणसांची यादी केली. तुमच्या टेलिफोनच्या वहीतून, चर्चच्या वहीतून आणि माझ्या डोक्यातून. एक्केचाळीस नावं झाली. एसटीडी बूथवर उभी राहून एकेक नाव खोडत गेले. ज्यांचा फोन नाही त्यांच्याकडे कोण जाईल ते ठरवलं. गुरुवारी दफनभूमीत साळवे मास्तर माझ्याजवळ येऊन म्हणाले, "सुशीलाबाई, तुम्ही होतात म्हणून एक माणूस सुटलं नाही."

एक सुटलं होतं. खरं तर सुटलं नव्हतं, मी सोडलं होतं. माझी धाकटी बहीण रजनी. राहते पळस्प्याला, इथून रिक्षाने वीस मिनिटं. तिचा नंबर तुमच्या वहीत होता. ते पान मी उघडलं, वाचलं आणि उलटलं.

तुमच्याबद्दल चांगलं लिहिणारे पुष्कळ आहेत, ते लिहितील. मी तुम्हाला त्या एका नावाबद्दल लिहिते आहे. जिवंतपणी सांगायला हवं होतं, ते राहिलं.

आपला शुक्रवारचा वर्ग सुरू झाला तेव्हा नवीन पनवेलच्या आपल्या सेक्टरात अर्ध्या बिल्डिंगींना रंग लागायचा होता. तुम्ही प्रसूतिगृहातून निवृत्त होऊन तळमजल्यावर राहायला आलात, मी जुन्या पनवेलमधून समोरच्या बिल्डिंगीत. रविवारी चर्चमध्ये भेटणारी माणसं सोमवारी एकमेकांना ओळखत नाहीत, अशी तुमची तक्रार होती. म्हणून दर शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला आठ-दहा जणांनी कोणाच्या तरी घरी बसायचं आणि येशूने सांगितलेल्या छोट्या गोष्टी, म्हणजे आपले दाखले, त्यातला एक वाचायचा. एक म्हणजे एकच. दोन वाचले की माणसं दोन्ही विसरतात, असं तुम्ही म्हणायचात.

नियम दोनच. उपदेश करायचा नाही. 'यावरून आपल्याला असे शिकायला मिळते' हे वाक्य आपल्याकडे बंद होतं. बत्तीस वर्षं शाळेत तेच वाक्य शिकवलेल्या साळवे मास्तरांना हा नियम पाळताना घाम फुटायचा.

"मास्तर, उपदेश बाहेर चपलांजवळ ठेवलात ना?" तुम्ही दारातच विचारायचात.

"ठेवला हो आक्का. पण तो आपला आपण चालत आत येतो, त्याला मी काय करू?"

दुसरा नियम म्हणजे आपली रीत. दाखला वाचून झाला की थोडा वेळ गप्प बसायचं आणि मग प्रत्येकाने एवढंच सांगायचं, या गोष्टीत आज मी कोण. का, ते कोणी विचारायचं नाही. आज बी, उद्या खडक, परवा पाखरू. सात वर्षांत आपण काय काय झालो! मास्तर एकदा दिव्यातलं तेल झाले होते आणि मग घरी जाईपर्यंत त्याचा अर्थ मला समजावत बसले.

चांगुणाबाय आत कधी आली नाही. भाजीची टोपली बाजूला ठेवून उंबऱ्यावर बसायची. तिच्या दोन्ही सुनांची बाळंतपणं तुम्ही केलेली. "आमचा देव आमाला हाय," ती पहिल्याच दिवशी म्हणाली. "मी आपली गोष्टी आयकाया येते." तुम्ही म्हणालात, "मग नीट सावलीत बस." तेवढंच. पेरणाऱ्याचा दाखला वाचला तेव्हा ती भडकली.

"रस्त्यावर बी सांडलं? खडकावर सांडलं? ह्यो कसला शेतकरी? आमच्या सासऱ्यानं तेला बांधावर उभा केला नसता."

मास्तर म्हणाले, "अहो बाई, त्याचा अर्थ वेगळा आहे."

"अर्थ असंल वेगळा. बी तर बीच हाय ना?"

सगळे हसले. मग तुम्ही तिला विचारलंत, "चांगुणा, तू कोण यात?" तिने बाहेर बिल्डिंगींकडे पाहिलं. त्या तिच्याच भातशेतावर उभ्या आहेत. "मी ती जमीन," ती म्हणाली. "चांगली व्हती. आता वर बिल्डिंग हाय." त्या दिवशी त्यापुढे कोणी कोण झालं नाही.

माझं काम वहीचं. कोणत्या शुक्रवारी कोणाचं घर, कोणता दाखला, कोण हजर, चहा कोणाचा, चटया कोणाच्या. हायस्कुलच्या ऑफिसात हेडक्लार्क असल्यामुळे रेघा मारायची मला सवय. सलग तीन शुक्रवार न कळवता न येणाऱ्याचं नाव कापायचं, हा नियम माझा. तुम्हाला तो कधी आवडला नाही. हरवलेल्या मेंढराच्या दाखल्याला मी म्हटलं होतं, "एकासाठी हा मेंढपाळ निघून गेला, मग नव्याण्णव कोणाच्या भरवशावर सोडली?"

"तुझ्या," तुम्ही म्हणालात. "तू मोजत बसली असशील."

मीही हसले. आपण दोघी भांडायचो ते असंच, चहाच्या कपावरून एकमेकींकडे बघत. एक भांडण मात्र तसं नव्हतं.

वर्षाचं वेळापत्रक मी करायचे आणि त्यात दोन पुत्रांचा दाखला दरवर्षी असायचा. धाकटा आपला वाटा घेऊन घर सोडतो, सगळं उधळतो, हाल झाल्यावर परत येतो. बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो, पोसलेलं वासरू कापून मोठी मेजवानी घालतो. थोरला शेतातून येतो, गाण्याबजावण्याचा आवाज ऐकतो आणि रागावून आत जात नाही. बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो. गोष्ट तिथंच संपते.

हा दाखला मी पहिल्या वर्षी उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, टाकला. त्या दिवशी चर्चमध्ये उपासना, वर्ग नाही. दुसऱ्या वर्षी नाताळच्या आदल्या शुक्रवारी, जेव्हा सगळे गाणी घेऊन घरोघर फिरतात. तिसऱ्या वर्षी मास्तरांच्या मुलीचं लग्न होतं त्या शुक्रवारी. कागदावर दाखला होता. तो मी गाळला असं कोणाला म्हणता आलं नसतं.

चौथ्या वर्षी तुमच्या घरी वर्ग होता. मी वही उघडली, तुम्ही ती माझ्या मांडीवर मिटवलीत. "आज घर माझं, दाखला माझा," म्हणालात आणि दोन पुत्रांचा काढलात. वाचण्याआधी माझ्याकडे वाकून हळूच म्हणालात, "तीस वर्षं ड्यूटीचे तक्ते वाचलेत मी, सुशीला. कोणती नर्स कोणता वॉर्ड टाळते ते कळायचं मला."

वाचन झालं. मास्तर धाकटे झाले. ते नेहमीच धाकटे होतात, त्यांना रडायला आवडतं. चांगुणाबाय म्हणाली, "मी ते कापलेलं वासरू. सगळे जेवले, तेला कोनी विचारला?" हशा ओसरल्यावर मी म्हटलं, "थोरला."

का, ते विचारायचं नाही हा तुमचाच नियम. तुम्ही दुसऱ्या बाजूने आलात. "मग सांग, तो आत गेला का?"

"नाही गेला. आणि बरोबर केलं." माझा आवाज चढला होता. "दिवसभर शेतात कोण राबत होतं? तो. मेजवानी सुरू झाली, गाणी सुरू झाली आणि एकाही गड्याला शेतात धाडलं नाही त्याला बोलवायला. आपल्याच घराशी येऊन त्याला नोकराला विचारावं लागलं, आत काय चाललंय म्हणून. धाकटा दूर दिसला तर बाप धावला. थोरला हाकेच्या अंतरावर होता, त्याला कोणी हाक मारली? ज्याला बोलावलंच नाही त्याने आत का जावं, आक्का?"

"खरा हाय तिचा," चांगुणाबाय उंबऱ्यावरून म्हणाली. "सांगावा धाडाया नको?"

तुम्ही म्हणालात, "खरंय. चुकलंच बापाचं."

मास्तर दचकले. दाखल्यातला बाप म्हणजे देव, हे ते जन्मभर शिकवत आले होते. "आक्का, अहो..."

"चुकलं, मास्तर. म्हणून तर मग नोकराला नाही पाठवलं, स्वतः उठून बाहेर आला."

"उशिरा आला," मी म्हटलं.

"उशिराच आला," तुम्ही म्हणालात आणि चहा आणायला उठलात.

मी जिंकले असं वाटत घरी गेले. ते वाटणं दोन दिवस टिकलं.

तुम्ही मात्र तिथं थांबला नाहीत. रजनीला मुलगी झाली ते बाळंतपण तुमच्याच हातून झालं होतं आणि ती कोणाची बहीण हे माझी ओळख झाल्यावर तुम्ही लगेच हेरलं होतं, हे मला फार नंतर कळलं. आईला अर्धांग होऊन दोन वर्षं झाली होती तेव्हा रजनीने घर सोडलं. लग्न केलं ते कोणाला न सांगता, दुसऱ्या समाजातल्या मुलाशी. आईचं न्हाणं-भरवणं, अंथरुणं धुणं आणि नोकरी, सगळं माझ्यावर आलं. तिथून आमचं बोलणं संपलं. तुम्हाला माहीत होतं ते एवढंच.

पुढे एका शुक्रवारी, नेहमीप्रमाणे दहा मिनिटं आधी चटया घेऊन मी तुमच्या दारात आले, तर आत रजनी. भिंतीला टेकून बसली होती. आठ वर्षांनी पाहत होते. कपाळावरचे केस पांढरे झाले होते, माझ्याही आधी. ती उठून उभी राहिली. मी चटया दाराशी ठेवल्या, मागे वळले आणि कंपाउंडमधल्या पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभी राहिले. घरी का गेले नाही ते मला आजही सांगता येत नाही.

थोड्या वेळाने तुम्ही भिंत धरत धरत आलात.

"गुडघे दुखतील, आत जा," मी म्हटलं.

"दुखताहेतच."

"मला न विचारता बोलावलंत तिला."

"विचारलं असतं तर तू वेळापत्रक काढलं असतंस."

मला वाटलं आता समजूत घालाल. घातली नाहीत. टाकी गळते आहे म्हणालात. तिसऱ्या मजल्यावरच्या बाळाला गोवर आला आहे म्हणालात. आतून मास्तरांचा आवाज येत होता. मोहरीच्या दाण्याच्या दाखल्यावरून ते भलतेच रंगात आले होते.

"तुमचा वर्ग तुमच्याशिवाय चाललाय," मी म्हटलं.

"चालू दे. मास्तरांना एक दिवस मनासारखा उपदेश करू दे."

अर्धा तास तुम्ही त्या गुडघ्यांवर माझ्याशेजारी उभ्या होतात. 'आत चल' हे दोन शब्द एकदाही म्हणाला नाहीत. मग मी घरी गेले आणि तुम्ही आत गेलात.

मी पुढचे तीन शुक्रवार आले नाही. चौथ्या शुक्रवारी आले, वही मागितली, कारण माझ्याच नियमाने माझं नाव मलाच कापायचं होतं. तिन्ही शुक्रवारी माझ्या नावापुढे तुमच्या अक्षरात 'हजर'.

"हे खोटं आहे, आक्का."

"खोटं कसं? वर्ग तिन्ही वेळा इथंच होता आणि तू समोरच्या गॅलरीत उभी राहून साडेसहा ते साडेसात इकडे बघत होतीस. मी हजेरी लावली."

रजनी पुन्हा शुक्रवारी आली नाही. 'ताईचा शुक्रवार मी घेणार नाही' म्हणाली, असं तुम्ही मला सांगितलंत, त्यावर एक शब्द न जोडता. आणि तिला मंगळवार दिलात. दर मंगळवारी पाचला ती पळस्प्याहून यायची, दोघींचाच वर्ग. मी मंगळवारी संध्याकाळी बाजारालाही दुसऱ्या रस्त्याने जायचे. अशी तीन वर्षं गेली. तुम्ही दोन्ही वारी आम्हा दोघींच्या दोन बाजू ऐकत होतात, असं मी धरून चालले होते.

आता ते, जे तुम्हाला मी कधी सांगितलं नाही.

रजनी गेल्यावर दोन महिन्यांनी तिचं एक कार्ड आलं होतं. खोपोलीचा पत्ता होता. 'आई कशी आहे ते कळव, बोलावशील तेव्हा येईन.' कार्ड मी आईला वाचून दाखवलं नाही. पत्ता मात्र डायरीत उतरवून घेतला; कुठलाही पत्ता मी टाकत नाही. त्यानंतर चार महिन्यांनी आई गेली. तेव्हाही मी यादी केली होती. एकोणीस तारा केल्या, पोस्टातल्या माणसाने दोनदा विचारलं, झाल्या का सगळ्या? मी म्हटलं, झाल्या.

बाराव्या दिवशी रजनी आली. एसटी स्टँडवर कोणीतरी जुनं शेजारी भेटलं होतं, त्यांनी तिला 'फार वाईट झालं' म्हटलं आणि तिला काय वाईट झालं ते माहीत नव्हतं. दारात उभी राहून तिने विचारलं, "ताई, मला तार का नाही केलीस?" मी म्हटलं, "आता इथं काय उरलंय तुझं?" आणि दार लावलं.

म्हणजे आक्का, त्या शुक्रवारी मी तावातावाने थोरल्याची बाजू मांडत होते, त्याला कोणी बोलावलं नाही म्हणत होते, तेव्हा मला पुरतं माहीत होतं की आमच्या घरात न बोलावलेली ती होती. आणि यादी माझ्या हातची होती. तुम्ही 'खरंय' म्हणालात, माझ्यासाठी बापाची चूक मान्य केलीत आणि मी ती मान्य करून घेतली. तुमच्या अंगणात अर्धा तास तुम्हाला दुखऱ्या गुडघ्यांवर उभं केलं आणि तेव्हाही सांगितलं नाही. किती सोपं होतं! टाकी गळण्याबद्दल बोललो त्याच्या निम्म्या वेळात झालं असतं.

आणि बुधवारी पुन्हा तेच. या वेळी चिडलेही नव्हते. शांतपणे पान उलटलं. ही माझी माणसं, हे माझं दुःख, यात तिला वाटा कशाला, एवढाच विचार होता. दुःखाचाही वाटा मला द्यायचा नव्हता.

शुक्रवारी वर्ग झाला, माझ्या घरी. मास्तरांनी दाखला काढला, पण वाचता येईना, मग नुसते बसलो. शनिवारी सकाळी दूध तापवताना माझ्या लक्षात आलं की मंगळवार येणार आहे. रजनी पाचला तुमच्या दारात येईल, बेल वाजवेल आणि कुलूप बघेल. मग कोणीतरी शेजारी बाहेर येईल आणि तिला 'फार वाईट झालं' म्हणेल.

शनिवारपासून सोमवारपर्यंत मी तीनदा एसटीडी बूथवर गेले. एकदा नंबर फिरवलाही. तिच्या नवऱ्याच्या टायरच्या दुकानाशेजारचा तो फोन, कोणीतरी उचलला, "कोन पायजे?" आणि मी ठेवून दिला. फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं. आणि समोर जाऊन सांगण्याचं धैर्य नव्हतं. काल मंगळवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि चारपासून तुमच्या पायरीवर बसले. निदान तिला आधी कुलूप दिसू नये.

चांगुणाबाय टोपली घेऊन चालली होती. "हितं कशाला बसलीस? चावी नाय?"

"आहे."

"मंग?"

"रजनी येईल आता."

ती थांबली. माझ्याकडे नीट बघितलं. "तिला ठाव नाय?"

मी मान हलवली.

"गावभर सांगितलं तुमी," ती म्हणाली. टोपली डोक्यावर घेतली आणि पुढे बोलली नाही. ती बोलली असती तर बरं वाटलं असतं.

पाचला दहा मिनिटं असताना रजनी आली. हातात कापडी पिशवी. मला पाहून ती गेटापाशीच थांबली, मग एकदम भराभर चालत आली. अकरा वर्षांत तिचं मला पहिलं वाक्य.

"आक्का बऱ्या आहेत ना?"

"गेल्या, रजनी. बुधवारी सकाळी. चहा घेऊन खुर्चीत बसल्या होत्या, तशाच."

"कुठल्या बुधवारी?"

"गेल्या बुधवारी."

तिने मोजलं. आमच्या घरात सगळेच मोजतात.

"आणि माती?"

"गुरुवारी दुपारी."

"माझा नंबर नव्हता तुझ्याकडे?"

घरून निघताना मी तीन वाक्यं ठरवली होती. धावपळ होती, वही सापडली नाही, फोन लागला नाही. तिन्ही चांगली होती, कोणालाही पटली असती.

"होता," मी म्हटलं. "आक्कांच्या वहीत होता. राहून नाही गेलं. मी कळवलं नाही. आईच्या वेळीही पत्ता होता माझ्याकडे. तेव्हाही मीच कळवलं नाही."

ती पायरीच्या दुसऱ्या टोकाला बसली. बराच वेळ पदर तोंडाला लावून रडली. मला जवळ सरकता येईना आणि उठताही येईना. मग नाक पुसून म्हणाली, "आईच्या वेळचं मला माहीत होतं. तुझ्या तोंडून ऐकायला अकरा वर्षं लागली."

"आक्कांना बोलली असशील तू."

"नाही."

"तीन वर्षं येत होतीस, आणि..."

"नाही सांगितलं. त्यांनी विचारलं होतं एकदा, आईच्या मातीला होतीस का. मी म्हटलं, मला पोचायला उशीर झाला."

"का पण?"

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझी माणसं होती ती. त्यांच्यासमोर तुझी मान कशाला खाली घालायची?"

म्हणजे तुम्हाला माहीत नव्हतं, आक्का. मी इतकी वर्षं समजत होते की तुम्हाला सगळं कळलं आहे आणि मोठ्या मनाने तुम्ही गप्प आहात. तुम्ही गप्प नव्हता, तुम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. माझी लाज जिने झाकली तिला मी दारातून परत पाठवलं होतं. म्हणून हे सगळं तुम्हाला आज लिहावं लागतंय. वर्गाच्या वहीत माझ्या नावापुढे जे जे 'हजर' आहे, ते हे वाचून मग ठेवायचं की खोडायचं ते ठरवा.

रजनीने पिशवी मांडीवर घेतली. आत कापडात गुंडाळलेली बाटली होती.

"काय आहे?"

"तेल. लसूण-ओव्याचं. दर मंगळवारी त्यांचे गुडघे चोळायचे मी."

तुम्ही हे मला कधी सांगितलं नाहीत. "मी समजत होते तुम्ही दाखले वाचता."

"वाचायचो ना. त्या वाचायच्या, मी चोळायचे. मध्येच 'जरा जोरात' म्हणायच्या, मला वाटायचं शास्त्रातलंच आहे."

मला हसू आलं. तिला आलं नाही, पण तिने माझ्याकडे पाहिलं.

"चावी आहे ना?" ती म्हणाली. "मग उघड की. लोक बघताहेत."

मी कठड्याला धरून उठले, कुलूप काढलं. आत गेल्यावर ती थोडा वेळ तुमच्या खुर्चीसमोर उभी राहिली. मग ओट्याखालून वाटी काढली, सरळ हात घालून. तुमच्या घरातलं काय कुठं असतं हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. स्टो पेटवला, तेल गरम केलं आणि वाटी घेऊन बाहेर आली.

"कोणता दुखतो?"

"कोणाचा?"

"तुझा. पायरीवरून उठताना बघितलं मी."

"डावा."

"बस."

खुर्ची एकच होती. "रजनी, ऐक..." मी सुरुवात केली.

"बोलू नकोस. माफ केलंय असं समजू नकोस. तेल गरम झालंय म्हणून."

मी तुमच्या खुर्चीत बसले, साडी गुडघ्याच्या वर घेतली. ती खाली फरशीवर बसली आणि चोळायला लागली. तेल जरा जास्तच गरम होतं, आक्का. मी काही बोलले नाही.